युटाची जमीन नक्की कोणाची?

आपल्याकडे जमीन हा राज्याचा विषय, त्यामुळे आजची गोष्ट ऐकून जरा गोंधळायला होईल. अमेरिकेत नेवाडा राज्यातली जवळपास 80 टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. शेजारच्या युटातली 60 टक्क्यांहून जास्त.

ऑगस्ट 2024 मध्ये युटा थेट सुप्रीम कोर्टात गेलं. म्हणणं असं की 1.85 कोटी एकर जमीन केंद्राने नॅशनल पार्क वगैरे कशासाठीच राखून ठेवलेली नाही, नुसती अडवून धरलीय. जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने कारण न देता खटला ऐकायलाच नकार दिला.

युटातले नेते म्हणतात, जमीन ‘परत’ द्या. पण ही जमीन 1848 मध्ये मेक्सिकोकडून केंद्राकडे आली, राज्य झालं 1896 मध्ये. आणि राज्य होताना युटाने या जमिनीवरचा हक्क कायमचा सोडल्याचं लिहून दिलंय. ‘परत’ म्हणायचंच तर पहिला नंबर यूट आणि नवाहो लोकांचा लागतो!

स्थानिकांची तक्रार खोटी नाही हं. गुरं चारायची, खाण काढायची, तर परवानगी केंद्राकडून. त्यात केंद्राच्या जमिनीवर काउंटीला प्रॉपर्टी टॅक्स लावता येत नाही. त्याबदल्यात 1976 पासून केंद्र थोडे पैसे देतं, एवढंच.

मग देऊन टाकावी का राज्याला? इथे मला नेवाडा आठवतं. शाळांसाठी उत्पन्न मिळावं म्हणून त्या राज्याला लाखो एकर जमीन मिळाली होती. राज्याने ती विकत विकत आज काही हजार एकरांवर आणून ठेवलीय. आमच्या इंजिनिअरच्या भाषेत, डिलीटचं बटण कोणाच्या हातात आहे ते बघा. आज मोआबजवळच्या अशा मोकळ्या जमिनीवर कोणीही जाऊन तंबू ठोकतं, तिकडे राहणारे आपले मित्रही. एकदा कुंपण पडलं की संपलं.

पण केंद्राकडे आहे म्हणजे सेफ, असंही नाही. जून 2025 मध्ये युटाचेच सिनेटर माइक ली यांनी केंद्राची लाखो एकर जमीन विकायची तरतूद बजेट बिलात घालायचा प्रयत्न केला. पर्यावरणवाले चिडलेच, पण शिकारीही चिडले, आणि मोंटाना, आयडाहोमधले त्यांच्याच पक्षाचे सिनेटर विरोधात गेले. शेवटी लींनी ती मागे घेतली. जमीन केंद्राकडेच ठेवायची हे धोरण 1976 च्या एका साध्या कायद्यात आहे, राज्यघटनेत नाही. बहुमत जमलं तर तो बदलता येतो.