चाकांवरची पाणबुडी

अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी म्हटलं की क्षेपणास्त्रं पोटात घेऊन महासागर पालथे घालणारी अजस्र बोट डोळ्यांपुढे येते. आजची बोट त्यातली नाही. लांबी ४५ मीटरच्या आत, शस्त्र एकही नाही आणि वेग असा की शेजारून माणसाने सावकाश पळत यावं. लांबच्या कामगिरीवर तिला दुसरं जहाज ओढून नेई.

ती एनआर-१. १९६९च्या जानेवारीत अमेरिकेत ग्रॉटन इथे ती पाण्यात उतरली. अमेरिकी नौदलाने तिला ना धड नाव दिलं, ना रीतसर दाखल करून घेतलं. दाखल झालेल्या बोटीमागे देखरेखीचा ससेमिरा लागतो आणि तिचे कर्तेकरविते अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांना तो नको होता, असं सांगतात.

मग एवढ्याशा बोटीत अणुभट्टी कशाला? बॅटरीवरची छोटी पाणबुडी काही तासांतच वर यायला बघते. एनआर-१ तळाशी आठवडेच्या आठवडे राहू शकत असे. सातशे मीटरहून खोल जायचं, पोटाखालची दोन ट्रकची चाकं टेकवायची, झोतदिवे लावायचे आणि खालच्या खिडक्यांतून बघत बसायचं. आत डझनभर माणसं. गोठवलेलं जेवण गरम करून खायचं, अंघोळ आठवड्यातून एकदा, तीही बादलीभर पाण्यात. हे लोक महिनाभर एकमेकांशी कसे बोलत असतील, याचं मला भट्टीपेक्षा जास्त नवल वाटतं!

तळाशी असं टिकून राहणं पुढे एका शोधात कामी आलं. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान फुटलं आणि त्याचे अवशेष फ्लोरिडाजवळ समुद्रात पडले. दोष कुठे होता हे कळायला त्याच्या रॉकेटचे तुकडे हाती लागणं भाग होतं. शोध चालू असताना समुद्र खवळला, बाकीची जहाजं बंदरात परतली. एनआर-१ खाली होती, तिथे वादळाचा उपद्रव नाही; तिचं काम चालूच राहिलं.

पुढे १९९७ साली समुद्रसंशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांनी सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधल्या समुद्रात हिच्याच मदतीने बुडालेली रोमन जहाजं धुंडाळली. तिची ही कामं उघडपणे सांगितली जातात. पण १९७६ साली स्कॉटलंडजवळ अमेरिकी विमानवाहू जहाजावरून एफ-१४ विमान क्षेपणास्त्रासकट घसरून बुडालं, तेव्हा ते सोव्हिएत हातांत पडण्याआधी काढायलाही हीच धावली होती. २००८ साली ती निवृत्त झाली. तिच्या कितीतरी मोहिमा अजून गुप्तच आहेत.

रशियाकडेही अशीच एक बोट आहे, लोशारिक. १ जुलै २०१९ रोजी तिच्यात आग लागून १४ नौसैनिक दगावले. समुद्रतळाचा अभ्यास चालू होता, असं संरक्षण खात्याने जाहीर केलं. मृतांपैकी सात जण प्रथम श्रेणीचे कॅप्टन होते. नुसत्या अभ्यासाला एवढे वरिष्ठ अधिकारी कशासाठी, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच होतं: ते सरकारी गुपित आहे.