साठ कोटी पत्ते आणि एक शेतघर

आज ज्या प्रश्नावर मला बोलायचंय तो साधा आहे. घरातल्या कॉम्प्युटरला जीपीएस नसतं, तो टेबलावरून हलतही नाही, मग वेबसाइटला आपलं गाव कळतं कसं?

पहिला धागा आयपी ॲड्रेसचा. पान मागवायचं तर ते कुठे पाठवायचं हे सांगावंच लागतं, त्यामुळे तो लपत नाही. पण गंमत बघा, त्या आकड्यांत गाव लिहिलेलं नसतंच! हे आकडे गठ्ठ्यांनी वाटले जातात. आपल्या भागासाठी एपनिक ही संस्था, ऑफिस ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. तिथून भारतातल्या इरिनकडे, मग इंटरनेट कंपनीकडे. कोणता गठ्ठा कुठे वापरला जातो याच्या याद्या काही कंपन्या बनवतात आणि विकतात. देश बहुतेक वेळा बरोबर येतो. शहर मात्र अंदाजपंचे. म्हणून तर रत्नागिरीत बसलेल्या माणसाला मुंबईच्या जाहिराती दिसू शकतात.

हा अंदाज कुणाला किती महागात पडावा? मॅक्समाइंड ही अशीच यादी बनवणारी अमेरिकन कंपनी. पत्ता अमेरिकेतला आहे एवढंच माहीत असेल, तर ती देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू द्यायची. आकडे सुटसुटीत हवेत म्हणून 38 उत्तर अक्षांश, 97 पश्चिम रेखांश धरले. तो बिंदू पडला कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर. 60 कोटींहून जास्त पत्ते त्या एका घराच्या नावावर! वर्षानुवर्षं तिथे पोलीस यायचे, एफबीआयवाले यायचे, ॲम्ब्युलन्स यायची, फसवणुकीने चिडलेली माणसं यायची. घरातल्यांना कारणच ठाऊक नाही. 2016 मध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी ते शोधून काढलं, तेव्हा कुठे कंपनीने बिंदू एका जलाशयात हलवला. मला यात राग येतो तो ठिपक्याचा. 'अमेरिकेत कुठेतरी' हे उत्तर नकाशावर ठिपका होऊन आलं, की लोक त्या दारावर जाऊन थाप मारतात.

दुसरा मार्ग बराच नेमका. ब्राउझर विचारतो ना, या साइटला लोकेशन द्यायचं का? हो म्हटलंत आणि कॉम्प्युटरला वायफाय असेल, तर आजूबाजूच्या राउटरांचे ओळखक्रमांक गूगलसारख्या सेवेकडे जातात. तुमचा, शेजारच्या काकूंचा, वरच्या मजल्यावरचा. त्यासाठी कुणाचा पासवर्ड लागत नाही, राउटर स्वतःच आपला क्रमांक सतत ओरडून सांगत असतो. जीपीएसवाले फोन येता-जाता तेच टिपतात आणि नकाशा तयार होतो. दाट वस्तीत मग थेट इमारतीपर्यंत माग लागू शकतो. व्हीपीएन लावून आयपी बदलला तरी हा मार्ग उघडाच राहतो, बरं का.

कुठल्या साइटना परवानगी दिलीय ते ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये लोकेशनखाली दिसतं; तिथून एकेक काढता येते. आणि आपला राउटर गूगलच्या नकाशात नको असेल, तर वायफायच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि एन-ओ-एम-ए-पी ही अक्षरं जोडा. नाव बदललं की घरातले सगळे फोन, टीव्ही पुन्हा जोडावे लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.