दप्तरातलं कोकरू

जूनच्या मध्याला शाळा भरते आणि पहिलीतली लेकरं दारातच रडू लागतात. आमच्या बचत गटात बरीच ख्रिस्ती घरं आहेत. यंदा आम्ही लेकरांसोबत पुस्तकात ठेवायची कोकराची खूण केली.

जुन्या लग्नपत्रिकेची १५ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून गार करा. खळीने कापसाचा चपटा गोळा चिकटवा. काळ्या कागदाचं तोंड, कान, पाय लावा. वर भोक पाडून लोकरीचा गोंडा बांधा. कात्री आणि दाभण आपल्या हातात, चिकटवणं लेकराकडे. रात्रभर वाळू द्या.

हात चालू असताना २३ वं स्तोत्र सोप्या शब्दांत सांगा. मेंढपाळ सोबत असला की कोकरू अंधाऱ्या वाटेलाही भीत नाही.

मागे लेकराचं नाव मात्र आईनेच लिहायचं. आमच्यातल्या काहीजणी गटात येऊनच अक्षरं गिरवायला शिकल्या. अक्षर वाकडं आलं म्हणून एकीने पट्टी पदराआड लपवली. लेकाने तीच मागून घेतली आणि वर्गात सगळ्यांना दाखवली, "माझ्या आईने लिहिलंय!"

तेव्हा बायांनो, नाव दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका.