'कम्युनिटी' या शब्दाची बिऱ्हाडे



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एक इंग्रजी शब्द निवडला आहे, तो इंग्रजीच्या अभिमानापोटी नव्हे. 'कम्युनिटी' हा शब्द आपल्याला सरकारी कागदांत, वर्तमानपत्रांत, लग्नाच्या जाहिरातींत आणि घरे बांधून विकणाऱ्यांच्या फलकांवर रोज भेटतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे बिऱ्हाड निराळे असते. लग्नाच्या जाहिरातीत तो जात सांगतो, दवाखान्याच्या पाटीवर आसपासची खेडी सांगतो, आणि बंगल्यांच्या वसाहतीच्या फलकावर तो कुंपणाची भिंत आणि दारावरचा पहारेकरी सांगतो. एका शब्दाने इतके अर्थ वाहावेत यात भाषेचे काही बिघडत नाही. परंतु त्या शब्दाच्या आधाराने जेव्हा जमीन, मते आणि पैसा यांची वाटणी होऊ लागते, तेव्हा 'कम्युनिटी म्हणजे कोण?' हा प्रश्न एकट्या कोशकाराचा राहत नाही.

शब्दाचे मूळ लॅटिन. 'मुनुस' म्हणजे वाट्याला आलेले कर्तव्य, पदाचा भार. देणगी असाही त्याचा अर्थ होता. तो भार जे मिळून उचलतात, ते 'कोमुनिस'. याच 'मुनुस'पासून आपली म्युनिसिपालिटी निघाली, आणि ज्याला भार माफ झाला तो 'इम्यून' म्हणजे मुक्त झाला. घरपट्टी थकविणाऱ्या सभ्य गृहस्थांना हे नाते फारसे रुचणार नाही, पण ते आहे खरे! चौदाव्या शतकात हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. तेथे त्याने सामान्य प्रजा हा अर्थ घेतला, आणि त्याबरोबरच एखादी वस्तू सर्वांच्या समाईक मालकीची असणे हाही अर्थ घेतला. म्हणजे आरंभापासूनच हा शब्द माणसांविषयीही बोलतो आणि त्यांच्यातल्या समाईकपणाविषयीही बोलतो. पुढचा सगळा घोटाळा या दुहेरीपणातून निघालेला आहे.

पंडितांनी तो सोडविण्याचा यत्न केला नाही असे नाही. टॉनिएस या जर्मन समाजशास्त्रज्ञाने 1887 मध्ये रक्ताने, शेजाराने आणि जिव्हाळ्याने बांधलेला समूह एकीकडे व कराराने, हिशेबाने जोडलेला समूह दुसरीकडे अशी फोड केली. इंग्रजीत पहिल्याला 'कम्युनिटी' आणि दुसऱ्याला 'सोसायटी' म्हणू लागले. पुढे 1955 मध्ये हिलरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने या शब्दाच्या व्याख्या गोळा केल्या, त्या 94 भरल्या. आणि त्या सर्वांत एकमत कशावर, तर कम्युनिटीत माणसे असतात एवढ्यावर! त्यानंतर 1976 मध्ये रेमंड विल्यम्स यांनी दाखवून दिले की, राज्य, राष्ट्र, सोसायटी या शब्दांना कधी ना कधी कडवट छटा येते, पण 'कम्युनिटी' हा शब्द वाईट अर्थाने सहसा कोणी वापरीत नाही. इंग्लंडापुरते हे खरे असेल. हिंदुस्थानात या शब्दाच्या पोटी 'कम्युनल' नावाचे जे अपत्य वाढले, त्याची कीर्ती तुम्ही जाणताच.

गंमत अशी की, येथे आलेल्या इंग्रजांनी हा शब्द ठळकपणे लावला तो आधी आपल्या खेड्याला. चार्ल्स मेटकाफ याने 1830 मध्ये ग्रामसंस्थांविषयी लिहिताना त्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. राज्ये आली आणि गेली, खेडे मात्र टिकले, असा त्याचा सूर होता. हेन्री मेन याने 1871 मध्ये पूर्वेकडील व पश्चिमेकडील ग्रामसंस्थांवर ग्रंथ लिहून ही कल्पना विद्वानांत रूढ केली. आणि त्याच सुमारास शिरगणतीचे कारकून घरोघर जाऊन धर्म व जात विचारू लागले. नदीकाठच्या गावाला लावलेला शब्द हळूहळू रकान्यातल्या धर्माला लागला. 1909 च्या सुधारणांनी मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ आले, 1919 च्या कायद्याने ती पद्धत विस्तारली, आणि 16 ऑगस्ट 1932 रोजी रॅम्से मॅक्डोनाल्ड यांचा निवाडा आला. त्याचे नावच 'कम्युनल अवॉर्ड'. येरवड्यातले गांधीजींचे उपोषण आणि 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार ही पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला शब्दापुरते एवढेच सांगावयाचे की, विलायतेत 'कम्युनल किचन' म्हणजे सर्वांचे मिळून स्वयंपाकघर. आणि येथे 'कम्युनल' म्हटले की दगड, संचारबंदी आणि बंद दुकाने.

मराठीत या शब्दाला आणताना आपली जी तारांबळ उडाली, ती पाहण्यासारखी आहे. हिंदीने 'सांप्रदायिक' म्हणून मोकळे व्हावे. पण मराठी कानाला संप्रदाय म्हटले की टाळ-मृदंग आठवतात, त्या शब्दाला दंग्याशी कसे जोडावे? म्हणून आपण 'जातीय' म्हटले. जातीय निवाडा, जातीय दंगल, जातीय सलोखा. मग जातिभेदाला वेगळा शब्द उरेना. कोणी 'जमातवाद' काढला, तो अभ्यासकांच्या टेबलावर राहिला. आणि खुद्द 'कम्युनिटी'ला आपण कोणता शब्द दिला? समाज. 'सोसायटी'ला कोणता दिला? तोही समाज! टॉनिएसने कष्टाने केलेली फोड आपण एका शब्दात पुन्हा सांधून टाकली. आपल्या वक्त्याने 'समाजाचे ऋण' म्हटले तर श्रोत्याने सगळा देश समजावा, आणि त्याच वक्त्याने जरा पुढे 'आपला समाज मागे पडला' म्हटले तर श्रोत्याने त्याचे आडनाव आठवावे. हा शब्द इतक्या सहजतेने उंबरठा ओलांडतो की, ओलांडला हे बोलणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही.

या ठिकाणी डॉ. आंबेडकरांचे ऋण मान्य केले पाहिजे. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या 1936 च्या न झालेल्या भाषणात त्यांनी मोठा मार्मिक भेद केला आहे. सारख्या चालीरीती असणे निराळे, आणि एखादी गोष्ट सर्वांच्या मालकीची असणे निराळे. अनेक जाती एकच सण पाळतात, पण आपापल्या घरात पाळतात. तेवढ्याने त्या एक होत नाहीत. एका कार्यात सर्वांचा सहभाग असेल, एकाचे यश ते दुसऱ्याचे यश आणि एकाचे अपयश ते दुसऱ्याचे अपयश होत असेल, तरच समाज झाला. हा विचार त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांच्या 1916 च्या शिक्षणविषयक ग्रंथाशी नाते सांगतो. पण ड्यूई यांनी जेथे 'कम्युनिटी' म्हटले, तेथे आंबेडकरांनी 'सोसायटी' हा शब्द योजला. आमचा तर्क असा की, हे सहज झालेले नसावे. 'कम्युनिटी' हा शब्द येथे जातीने आणि धर्माने आधीच बळकावलेला होता. पुढे 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत त्यांनी मेटकाफचा तोच उतारा वाचून दाखविला आणि या ग्रामप्रजासत्ताकांचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले. वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला त्या छोट्या प्रजासत्ताकाचे नागरिकत्व कधी होते? मेटकाफला हा प्रश्न पडला नव्हता.

आणि तरीही चारच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1952 रोजी, 55 प्रकल्पांनिशी 'कम्युनिटी डेव्हलपमेंट' सुरू झाले. योजना चांगल्या हेतूची होती. विहिरी, रस्ते, बियाणे, शाळा ही तिची कामे. तिचे गृहीत मात्र असे की, गाव म्हणजे एक कम्युनिटी, आणि गावाला दिले म्हणजे सर्वांना पोहोचले. विहीर गावाची म्हणून कागदावर लिहिली, पण तिच्यावर घागर कोणी भरावी हे कागदाने ठरत नव्हते. 'कम्युनिटी हॉल'चे मराठीत समाजमंदिर झाले. ते कोणत्या समाजाचे, हे अनेक गावांत ते कोणत्या आळीत उभे आहे यावरूनच समजते.

गोव्याकडे पाहिले तर हाच शब्द तेथे पोर्तुगीज वेषात भेटतो. 'कोमुनिदाद' ही तेथील जुनी गांवकरी होय. गावची जमीन समाईक, तिची व्यवस्था समाईक, आणि उत्पन्नातून खर्च वजा जाता राहील ते वाटून घ्यावयाचे. 1526 मध्ये आफोन्सो मेशिया याने या रूढी सनदेत नोंदविल्या. त्यावरून संस्था पोर्तुगीजांहून जुनी हे उघड आहे. लॅटिन 'मुनुस'चा अर्थ इतक्या नेमकेपणाने जपणारी दुसरी संस्था आमच्या पाहण्यात नाही. बांध दुरुस्त करण्याचा भारही मिळून, पिकाचा वाटाही मिळून. पण वाटेकरी कोण? मूळ वसाहतकार घराण्यांचे पुरुष वंशज, म्हणजे गांवकार. त्यांच्या मुलींना आणि परक्याच्या जमिनीत घर करून राहिलेल्या मुंडकारांना त्या नात्याने वाटा नव्हता. गाव त्यांचेही होते, कोमुनिदाद नव्हती.

म्हणून आम्हांला अलीकडचा एक कायदा विशेष वाटतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात 'कम्युनिटी' हा शब्द पुन्हा जमिनीकडे आला, आणि मराठीत त्याला 'सामूहिक' म्हटले गेले, 'समाज' नव्हे. या कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने मात्र वनखाते हातचे सोडीना. ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल 2011 उजाडले, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. हक्क दिला आणि परवाना ठेवून घेतला, ही सरकारी दानाची जुनीच रीत! पण येथे वाटेकरी ठरविताना कोणी वंशावळ काढीत नाही. गावातील सर्व प्रौढ माणसे मिळून ग्रामसभा. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे तिच्या सभासदांपैकी निम्मे तरी बैठकीस हजर असावे लागतात, आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया लागतात. तेवढी डोकी भरली नाहीत, तर ठराव होत नाही.