संकेतस्थळाचा व्यवसाय आणि लेखी करार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय रुक्ष आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परंतु आपल्या मंडळातील काही तरुण कोणाची नोकरी न पत्करता घरबसल्या संकेतस्थळे, म्हणजे वेबसाइट, तयार करून देतात, आणि त्यांची बहुतेक कामे केवळ शब्दावर चालतात, असे आमच्या ध्यानात आले. म्हणून हा विषय निवडला.

तोंडी करार कायद्याला मान्य नसतो, हा समज चुकीचा आहे. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाप्रमाणे, अपवाद वगळता, तोंडी करारही बंधनकारक असतो. अडचण आहे ती पुराव्याची. पाने ५ ठरली होती की १५, रंगसंगती दोनदा बदलून द्यावयाची होती की गिऱ्हाइकाचे समाधान होईपर्यंत, हे सहा महिन्यांनी कोण सांगणार? यात कोणी लबाड असावाच लागतो असेही नाही. माणसाची स्मृती आपल्या सोयीने चालते.

आमच्या परिचयातील एका मुलीने एका व्यापाऱ्यासाठी सर्व काम पुरे केले. निम्मे पैसे मिळाले. उरलेले मागताच, 'मालविक्रीचे पान कोठे आहे?' असा प्रश्न आला. ते ठरलेच नव्हते, असे ती म्हणते. ठरले होते, असे तो म्हणतो. दावा लावावा तर वकिलाचा खर्च येण्याहून अधिक. तिचे दोन महिन्यांचे श्रम वाया गेले.

स्वामित्वहक्काची बाब तर उभयपक्षी अज्ञात असते. १९५७ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे निर्माता हाच सामान्यतः पहिला मालक. नोकरीच्या ओघात केलेली निर्मिती धन्याची होते. मोबदला देऊन काढविलेले छायाचित्रही, एरवी ठरले नसल्यास, काढविणाराचे होते. परंतु स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेली संगणकीय आज्ञावली नुसते पैसे मोजल्याने गिऱ्हाइकाची होत नाही. १९ व्या कलमान्वये त्यासाठी स्वाक्षरीचा लेख लागतो. त्यात मुदत नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश नसेल तर भारतापुरता, असे धरले जाते. म्हणजे कागदावाचून व्यापारीही नाडला जातो!

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाचा आधारही थोड्यांनाच ठाऊक आहे. नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे, करारात काहीही मुदत असली तरी, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत दिले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.

करारासाठी वकिली भाषा नको. कामाची व्याप्ती, किती फेरबदल, हप्ते, आगाऊ रक्कम, काम मध्येच थांबल्यास काय, आणि विशेषतः संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदवावयाचे व परवलीचे शब्द कोणाजवळ राहावयाचे, एवढे दोन पानांत मावते. ई-मेलने दिलेली संमतीही चालते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे १०-अ कलम तसे सांगते.

पण आपल्या माणसाकडे कागद मागणे आपणांस अवघड वाटते. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण आपलीच. मंडळाच्या संकेतस्थळाचे काम आपल्यातीलच एक तरुण करीत आहे. मोबदल्याविषयी त्याने विचारले तेव्हा 'घरचेच काम आहे, पाहू' असे उत्तर कार्यकारिणीने दिले. आम्ही कराराचा दोन पानी मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. त्यात रकमेची जागा कोरी आहे. ती येत्या बैठकीत त्या तरुणासमक्ष भरावी व उभयतांनी सह्या कराव्या, अशी आमची सूचना आहे.