गॅस गिझरचं झाकण उघडू नका

दारव्ह्यात थंडी वाढली की सकाळी गरम पाण्याची घाई होते. गॅस गिझर सेलवर पेटतो, वीज गेली तरी चालतो, म्हणून अनेक घरांत तो आला. तो पेटेनासा झाला की स्क्रू काढून झाकण उघडण्याचा मोह होतो. तो टाळा, हे सांगायला मी आलो आहे.

झाकणाआड गॅसचा व्हॉल्व्ह, बर्नर आणि ज्योत विझली तर गॅस बंद करणारा सेन्सर असतो. जोड जरासा ढिला झाला तर गॅस गळतो. सिलिंडरमधला हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. त्याला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते तरी.

दुसरा धोका कळतही नाही. बर्नर नीट बसला नाही किंवा हवा कमी पडली, तर गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते आणि दाराची कडी काढण्याआधीच माणूस कोसळतो. म्हणून सेन्सरची वायर परस्पर जोडून, म्हणजे सेन्सर निकामी करून, गिझर 'चालू करून देणारा' मिस्त्री आपलं भलं करत नसतो.

ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांनुसार मोबदला घेऊन गॅस उपकरणाचं काम करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे. आपणही कंपनीचा प्रशिक्षित माणूसच बोलवावा.

मग आपण काय करायचं? सेल बदला. पाण्याचा दाब आणि सिलिंडर पाहा. रबरी नळीवरची मुदत तपासा. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर गिझर बंद ठेवा. गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. बाहेर येऊन 1906 या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

दुरुस्तीला दोन दिवस लागले तर चुलीवर पाणी तापवा, पण झाकणाला हात लावू नका. ही गोष्ट आज घरातल्या प्रत्येकाला सांगा.