चौदा मिनिटांची परीक्षा
(वाशी येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे हे नवे नगर आकारास येऊ लागले. आपले वाडवडील गावची वेस ओलांडून येथे आले. आज त्यांची नातवंडे समुद्र ओलांडण्याची सिद्धता करीत आहेत. त्यांच्या वाटेवर आयेल्ट्स नामक इंग्रजीची परीक्षा उभी असते. वाचन, लेखन व श्रवण यांत उत्तम गुण मिळविणारी आमची कित्येक मुले संभाषणाच्या खोलीत मात्र मूक होतात. असे का व्हावे, याचा विचार आज आपण करू.

ही तोंडी परीक्षा अवघी ११ ते १४ मिनिटांची असते. प्रथम घर, शिक्षण, आवडीनिवडी यांविषयी साधे प्रश्न. नंतर हाती दिलेल्या विषयावर १ मिनिट विचार करून २ मिनिटांपर्यंत सलग भाषण. शेवटी त्याच विषयाच्या अनुषंगाने सखोल चर्चा. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार कसोट्यांना समान महत्त्व असते. मत कोणते आहे यास गुण नाहीत. ते कसे मांडले यास आहेत. साहेबी स्वराची नक्कल करण्याचेही कारण नाही. बोलणे स्पष्ट कळले पाहिजे. प्रश्न समजला नाही, तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. पाठ केलेली उत्तरे मात्र परीक्षक तत्काळ ओळखतो.

मग मुले अडखळतात कोठे? आम्हांस वाटते, दोष आपल्याच घरात आहे. वडीलधाऱ्यांसमोर मुलाने तोंड उघडले की आपण त्यास गप्प बसवितो; इंग्रजीत एक शब्द चुकला की हसतो. ज्यास मायबोलीत ‘मला असे वाटते, कारण…’ म्हणण्याची सवय नाही, तो परभाषेत ते कोठून आणणार?

येथे कल्याणला वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाची अठरा वर्षेही पुरी झालेली नसताना, बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. अमेरिकेस का जाता, एकट्या का जाता, परतल्यावर जात बहिष्कार घालणार नाही काय, हे लोकांचेच प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाचे सकारण उत्तर दिले. १८८६ साली त्या फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. त्या काळी ज्ञाती हा त्यांच्या वाटेतील एक प्रश्न होता. आज ज्ञातीने उत्तर व्हावे, एवढीच आमची इच्छा आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दर रविवारी मंडळाच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक घड्याळ मांडावे. परीक्षार्थ्याने २ मिनिटे बोलावे, आपण मध्ये न थांबविता ऐकावे. त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यासच ऐकवावे. ‘ए’ आणि ‘द’ ही उपपदे कोठे गळली, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचे उच्चार कोठे एक झाले, हे त्याचे त्यालाच उमगेल. मराठीत उपपदे नाहीत आणि या दोन्ही उच्चारांना एकच ‘व’ आहे. तेव्हा ही चूक लाजेची नव्हे, सवयीची आहे. शिकवणीचे शुल्क सर्वांना परवडत नाही. ऐकणारा कान मात्र प्रत्येक घरात आहे.

मुलांना बोलू द्या, चुकू द्या. आणि कृपा करून हसू नका.